कोरडी खोली

मेघनाचा फोन आला तेव्हा मी जयनगरच्या बाजारात अवरेकाळू निवडत होते. पावट्याच्या जातीच्या या शेंगा आमच्या बेंगळुरूत थंडीत येतात आणि अक्कांना त्यांची उसळ इतकी आवडायची की हंगाम सुरू झाला की त्या कुणालाच विचारायच्या नाहीत, थेट "आणल्यास का?" म्हणायच्या. तो गुरुवार होता. दर गुरुवारी मी एचएसआर लेआउटला, त्यांच्या मुलाच्या घरी, त्यांना भेटायला जात असे. मेघना म्हणजे त्यांची सून. "काकू, आई गेल्या..." एवढंच ती आधी म्हणाली. मग रडत रडत बाकीचं सांगितलं. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर आणून देईपर्यंत मान कलली होती. मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. मागून कुणीतरी मलाच "अक्का, स्वल्प सरका," म्हणालं तेव्हा मी बाजूला झाले. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. तो असा होता की आता त्या मुनियप्पाबद्दल विचारणार नाहीत. सुटले, असं वाटलं मला. सात-आठ आठवडे झाले, पण तो क्षण काही जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. मुनियप्पा नावाचा गवंडी कधीच नव्हता. तो मी रचला होता. का रचला ते सांगायचं तर आधी अक्कांबद्दल सांगायला हवं.

शालिनीअक्का माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. मी लग्न होऊन बेळगावहून इथे बेंगळुरूच्या बनशंकरीत आलेली. त्या माझ्या मराठीला हसायच्या आणि मी त्यांच्या. "ये की, बस की, काय ते की-की! किल्ल्यांचा जुडगा वाजल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणायच्या, आणि स्वतः मात्र एका वाक्यात दोनदा कन्नड 'सरी', म्हणजे बरं, आणि एकदा 'साकु', म्हणजे पुरे, घातल्याशिवाय त्यांचं मराठी पुरं व्हायचं नाही. जयनगरला त्यांच्या भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये त्या शिशुवर्ग चालवायच्या. माझी मुलगी तिथे जायची. तिला सोडायला गेलेली मी एक दिवस मदतीला थांबले, दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबले, आणि पुढे बावीस वर्षं तिथेच राहिले. मुलगी शिकून, नोकरी धरून परदेशी गेली तरी मी आपली गॅरेजमध्ये.

त्या वर्गात खेळणी फारशी नव्हती. प्राण्यांच्या चित्रांची पुस्तकं मात्र भिंतभर होती, इंग्रजी, कन्नड, मराठी, मिळतील ती. आणि प्रत्येक पुस्तकातला मजकूर अक्कांनी झाकलेला असायचा. मैद्याची खळ करून, खाकी कागदाच्या पट्ट्या कापून, त्या ओळीवर ओळ चिकटवत बसायच्या. पालक चिडायचे. मुलांना इंग्रजी यावं म्हणून पाठवतो आणि ह्या बाई इंग्रजीवर कागद चिकटवतात, हे कुणाला पटेल? मलाही आधी पटलं नव्हतं. अक्का म्हणायच्या, "इथे पाच भाषांची पोरं आहेत. छापलेलं वाचून दाखवलं तर चौघं भिंतीकडे बघत बसतील. चित्र सगळ्यांना येतं." मग त्या पान उघडायच्या, हत्तीवर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "हा काय म्हणतो?" ज्याला जे सुचेल, ज्या भाषेत सुचेल, ते हत्ती म्हणायचा. घरी कुणाशी न बोलणारी मुलंही हत्तीच्या तोंडून घडाघडा बोलायची. एका मुलीच्या घरी नवा भाऊ आला होता. ती महिनाभर गप्प होती. एक दिवस ती म्हणाली की या चित्रातल्या अस्वलाला त्याचं पिल्लू बाजारात विसरून यायचं आहे. मी दचकले. अक्का अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सरी. कुठल्या बाजारात?"

मैत्री शिकवायची म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी गोड वागायचं, वाटून खायचं, हातात हात घालून गोल फिरायचं, अशी माझी समजूत होती. अक्कांची नव्हती. दोन मुलींचं भांडण झालं, रक्षिता आणि फरहीन, दोघी एरवी एकमेकींना सोडत नसत. रक्षिताची आई म्हणाली, मिस, दोघींना हात मिळवायला लावा. अक्कांनी नाही लावलं. हत्ती आणि उंदराचं पुस्तक काढलं आणि रक्षिताला विचारलं. ती म्हणाली, "हत्तीला आज उंदीर नको." मी पटकन विचारलं, "का ग?" तर अक्कांनी मला कोपराने असं ढोसलं की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. मुलं गेल्यावर म्हणाल्या, "'का' विचारायचं नाही, वसू. तिला कारण ठाऊक नाही, असलं तरी सांगता येत नाही. तू 'का' विचारलंस की ती पोट दुखतंय म्हणणार. नाहीतर आई रागावते म्हणणार. म्हणजे आपण तिला काय शिकवलं? नको म्हणायचं असेल तर खोटं बोलावं लागतं, हे." मग पट्ट्या कापता कापता, माझ्याकडे न बघता, "नको म्हटलेलं मैत्रीला सोसतं. खोटं कारण नाही सोसत," असं म्हणाल्या. आमच्या वर्गाचा तो नियमच होता. नको म्हणायची मुभा सगळ्यांना, बहाणा कुणालाच नाही. बावीस वर्षं मी तो नियम दुसऱ्यांच्या मुलांना शिकवला...

त्या काही देवता नव्हत्या. कौतुक करायला भयंकर चिकट. मी केलेला सांभार चांगला झाला तर "आज मीठ बरोबर आहे" ही त्यांची पावती. मधुमेह असून म्हैसूरपाक चोरून खायच्या आणि पकडलं की मुलांनी दिला म्हणून सांगायच्या. बहाण्याच्या नियमातून तेवढा म्हैसूरपाक वगळलेला होता. पण मला या शहरात पहिली मैत्रीण म्हणावी अशी तीच एक बाई मिळाली, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी.

मग घरमालकाने जयनगरचं घर पाडायला काढलं आणि वर्ग बंद झाला. पुढच्याच महिन्यात अक्का न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा मुलगा प्रसाद त्यांना आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला, नवव्या मजल्यावर. प्रसाद आणि मेघना माणसं चांगली, हे मला ठासून सांगायचं आहे, कारण अशा लेखांत सून नेहमी वाईट निघते. मेघना पुण्याची, मनमोकळी. "काकू, आई एंगेज राहाव्यात म्हणून मी टॅबवर स्टोरीजचं अ‍ॅप टाकून दिलंय," असं तिने मला कौतुकाने सांगितलं होतं. अक्कांनी ते अ‍ॅप एकदा उघडलं. त्यातला ससा आपणहून बोलत होता. "मग मी काय करू?" म्हणून त्यांनी बंद केलं. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी होती. जाळीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसायची, तिलाही जाळी. वॉकर घेऊन त्या हॉलमध्ये सात फेऱ्या मारायच्या, डॉक्टरांनी सांगितल्या म्हणून. लिफ्ट होती, पण एकटीने जाऊ नका, असं सगळे प्रेमाने सांगायचे. दोघं दिवसभर कामात, तेव्हा दुकटं कुणी नसायचं. "इथे सगळं आहे, वसू," त्या एकदा म्हणाल्या. "नाही म्हणायला जागाच ठेवली नाही पोरांनी. मी तक्रार तरी कशाची करू?" भाजीवाल्याची हाक नाही, रस्ता नाही, दारावरून जाताना अक्का म्हणून थांबणारं माणूस नाही. सगळ्यांच्या मायेनेच त्या तिथे अडकून पडल्या होत्या आणि मायेविरुद्ध कुठे दाद मागणार?

तिथे गेल्यावर साधारण तीन महिन्यांनी, एका गुरुवारी, मी निघताना त्यांनी माझा हात धरला. अक्का कुणाचा हात धरणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तुझी खालची खोली रिकामी आहे ना? मी येऊ का तिथे राहायला? प्रसादला मी सांगेन. रस्त्यावरची खोली आहे, दोनच पायऱ्या... मला जमेल."

ती खोली. माझ्या सासूबाई त्या खोलीत अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. सकाळी वर्ग, दुपारपासून त्या. अकरा वर्षांत मी एका लग्नाला मुक्कामाने गेले नाही. त्यांची बेल वाजली की मी उठायची. त्या गेल्यावरही कितीतरी महिने नसलेली बेल ऐकून मी जिना उतरत असे. अक्कांनी विचारलं तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी गादी टाकून दिली होती, भिंतींना पांढरा रंग दिला होता, आणि दुपारी चहाचा पेला घेऊन, दार लावून, त्या रिकाम्या खोलीत नुसती बसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हाक मारत नव्हतं. अक्का येऊ का म्हणाल्या आणि माझ्या कानात ती बेल वाजली. खरं उत्तर एवढंच होतं. अक्का, मला भीती वाटते, मला परत ते जमायचं नाही. ज्या बाईने मला नको म्हणायला शिकवलं तिच्यासमोर मी हे सहज म्हणू शकले असते. आणि मी म्हणाले, "या की, अक्का! तुमचंच घर आहे. पण खोलीला ओल आली आहे हो. भिंतीच्या भिंती. तुमच्या हाडांना ती बाधेल. गवंड्याला सांगितलंय, तो करून गेला की लगेच."

"सरी," अक्का म्हणाल्या. "गवंडी कोण?"

"मुनियप्पा," मी म्हणाले. कुठून आलं तोंडात, देव जाणे.

एकदा गवंडी रचला की त्याला कामाला लावावं लागतं. पुढच्या गुरुवारी मुनियप्पा आला होता पण सिमेंट नव्हतं. मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. मग त्याने गिलावा खरवडला आणि आतून ओल अजूनच निघाली. एकदा तर मी त्याला स्कूटरवरून पाडलं आणि सहा आठवडे पायाला प्लास्टर घातलं. अक्का सगळं ऐकून घ्यायच्या, "अय्यो, पाय बरा आहे का त्याचा?" म्हणून विचारायच्या. घरी आमचे हे म्हणाले, "अगं, सांगून टाक की एकदा. अक्काच आहेत त्या." पण आता काय सांगणार होते? आधी एक नको सांगायचं होतं. आता नको आणि वर मुनियप्पा, त्याची मुलगी, त्याचा पाय. दर आठवड्याला ते ओझं वाढत गेलं. मी अक्कांना व्हिडिओवर फोन करायचं बंद केलं, मागे चुकून ती भिंत दिसेल म्हणून. खोलीला कुलूप लावलं. दुपारचा माझा चहा स्वयंपाकघरात, उभ्याने. जी खोली राखण्यासाठी खोटं बोलले तिच्यात मलाच बसवेना. अक्का नवव्या मजल्यावर जाळीआड आणि मी बनशंकरीत माझ्याच घरात त्या खोलीच्या दाराला वळसा घालून चाललेली. असे चौदा महिने गेले.

शेवटच्या भेटीत अक्कांनी मला चहाही विचारला नाही. शेजारच्या टेबलावर एक पुस्तक काढून ठेवलं होतं, गॅरेजमधलं, खाकी पट्ट्यांचं. त्यांनी पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. झाडाच्या ढोलीतून खार डोकावते आहे आणि खाली बुंध्याशी कासव मान वर करून उभं आहे. मला हसू आलं. "काय, अक्का, आता माझा वर्ग घेणार?" त्या हसल्या नाहीत. चित्रातल्या कासवाकडे बघत म्हणाल्या, "याचं घर पाठीवर असतं असं सगळे धरून चालतात. म्हणून याला कुठे राहायचंय ते कुणी विचारत नाही." मग बोट उचलून खारीवर ठेवलं. "ही काय म्हणते?"

बावीस वर्षं मी तो प्रश्न ऐकला होता. ज्या मुलाला सांगता येत नाही त्यालाच तो विचारायचा असतो, हे मला ठाऊक होतं. अक्का थांबल्या होत्या. मुलांसाठी थांबायच्या तशाच, हनुवटी खाली घालून, अजिबात घाई न करता. आणि मी म्हणाले, "खार म्हणते, ये की वर! मी तुझीच वाट बघते आहे."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "कासव झाडावर कसं चढेल ग?" म्हणाल्या, आणि पुस्तक मिटलं. "साकु आज. दमले मी."

लिफ्टमध्ये मी एकटीच होते. नवव्या मजल्यापासून खाली येईतो खरं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, अगदी शब्दांसकट. तळमजला आला, दार उघडलं. वरचं बटण दाबायला हात उचलावा लागला असता, तेवढाच. मी बाहेर पडले आणि ऑटो शोधू लागले. पुढच्या गुरुवारी सांगू असं म्हटलं. पुढच्या गुरुवारचं तर वर सांगितलंच आहे.

तेराव्यानंतर मेघनाने मला बोलावलं. अक्कांची पुस्तकं चार खोक्यांत भरून ठेवली होती. "काकू, तुम्हीच न्या. तुमच्याकडे खालची रूम आहेच ना, तिथे मस्त राहतील. दसऱ्याला तुमच्याकडे गोंब्या बघायला आले होते तेव्हा ऑफिसचा कॉल आला होता ना मला, काकांनी तीच रूम उघडून दिली होती. काय एअरी रूम आहे! एकदम ड्राय. आईंना पण सांगितलं होतं मी."

वर दसऱ्याच्या त्या बाहुल्या मांडलेल्या, बायकांची गर्दी, मी हळदीकुंकवाच्या गडबडीत. आमच्या ह्यांनी भोळेपणाने कुलूप काढून दिलं होतं आणि मला सांगायचं विसरले होते. मी मेघनाला विचारलं, "काय म्हणाल्या अक्का?"

"म्हणाल्या, हो, छानच खोली आहे ती. आणि म्हणाल्या, तू आत गेली होतीस हे वसूला सांगू नको. आवरलेली नव्हती म्हणून हळहळत बसेल."

दसऱ्यानंतर तीन महिने. तेवढ्या सगळ्या गुरुवारी अक्कांनी न चुकता विचारलं होतं, मुनियप्पा आला का ग? मला वाटायचं, बिचाऱ्या आस लावून बसल्या आहेत. त्या मला बाहेर यायला जागा करून देत होत्या. दर आठवड्याला एकदा, आणि शेवटी तेही पुरेना म्हणून पुस्तक उघडून. मी त्यांना अडकवलं, हे मला माहीत होतं. मी अडकले आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी त्यांच्या सुटकेची वाट सोडून माझ्या सुटकेची खटपट केली. मी मेघनासमोर रडले नाही. पुस्तकांच्या खोक्यांवर चिकटपट्टी लावत राहिले.

पुस्तकं ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून खोली उघडली. फळ्या मारून घेतल्या. आता शनिवारी सकाळी गल्लीतली सात-आठ मुलं येतात. मी अक्कांसारखी नाही. मला घाई होते, मुलांनी उत्तर दिलं नाही की मीच हत्तीच्या वतीने बोलून मोकळी होते. खोली खरंच चांगली आहे. दुपारपर्यंत ऊन असतं, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत जातो तो अगदी खिडकीशी ऐकू येतो. अक्का इथे सुखाने राहिल्या असत्या. आणि मला ते फार जड गेलं असतं, कदाचित मी त्यांच्यावर खेकसले असते, कदाचित त्यांची बेल वाजल्यावर झोपेचं सोंग घेतलं असतं. दोन्ही खरं आहे, आणि यातलं दुसरं मी त्यांना सांगायला हवं होतं.

गेल्या शनिवारी अद्विका नावाची मुलगी सगळ्यांच्या आधी आली. चार वर्षांची, समोरच्या घरातली, नाक कायम वाहतं. खोलीभर बघून तिने कन्नडमध्ये विचारलं, "आंटी, इथे कोण राहतं?"

"कुणी नाही. एक अक्का येणार होत्या."

"मग का नाही आल्या?"

ओलीचं कारण माझ्या जिभेवर आलं, खरंच आलं, इतकी सवय झाली होती. मग म्हणाले, "मी येऊ दिलं नाही. मला भीती वाटली."

तिने बाहीने नाक पुसलं. "सरी," म्हणाली, आणि फळीवरचं माकडाचं पुस्तक मागितलं. मी ते काढून दिलं. चौदा महिने जे मला जमलं नव्हतं ते तिचं नाक पुसून होईतो सांगून झालं होतं, आणि अक्काही याहून जास्त काही म्हणाल्या नसत्या.